यंत्र, मंत्र आणि फासे : भूमिकाखेळांतील रससंकराचा विचार

१९८० साली टीएसआर या अमेरिकन कंपनीने 'एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स' नावाची एक साहस-पुस्तिका प्रसिद्ध केली. लेखक गॅरी गायगॅक्स. तलवारबहाद्दर, मांत्रिक, बुटके, धर्मोपदेशक अशी मंडळी डोंगरातल्या एका गुहेच्या शोधात निघतात, कारण तिथून चित्रविचित्र प्राणी बाहेर पडून आसपासचा मुलूख उद्ध्वस्त करीत आहेत. गुहेचे दार धातूचे निघते. आत भुयार नसतेच. डोंगरात रुतलेले एक अंतराळयान असते. यानातली माणसे रोगाने केव्हाच मेलेली आहेत, यंत्रमानव मात्र आपापली नेमून दिलेली कामे करीत अजून हिंडत आहेत. रंगीत पत्रे दाखवल्यावाचून दारे उघडत नाहीत. मांत्रिकाच्या हाती पिस्तूल लागते आणि ते कोणत्या टोकाने धरायचे हे त्याला ठाऊक नसते.

वर्णनावरून हा प्रकार थिल्लर वाटेल. परीकथेत विज्ञानकथा घुसडली की दोन्हींचे हसे होते, हा आपल्याकडचा सर्वसाधारण समज आहे आणि बऱ्याच कादंबऱ्यांनी तो खराही ठरवला आहे. तरीही ही पुस्तिका त्या खेळाच्या इतिहासातल्या गाजलेल्या पुस्तिकांत गणली जाते आणि आजही खेळली जाते. का टिकली, हा प्रश्न साहित्यविचाराचा आहे असे मला वाटते. भूमिकाखेळांवर मराठीत समीक्षा जवळपास झालेलीच नाही. पोरांचा खेळ म्हणून तो विषय बाजूला राहिला. पण कथाप्रकारांची सरमिसळ केव्हा पटते आणि केव्हा पटत नाही, याचे इतके उघडे प्रयोग कादंबरीतही सापडत नाहीत. कादंबरीत वाचकाला पटले नाही तर तो पुस्तक मिटतो, लेखकाला कळतही नाही. इथे ते त्याच क्षणी, त्याच टेबलावर कळते.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला आणि हा प्रकार रूढ झाला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि आपले पात्र काय करते ते बोलून दाखवतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की नियम आणि फासे निकाल देतात. संहिता लिहिलेली नसते. कोकणातल्या दशावतारात आख्यान ठरलेले असते आणि संवाद रंगमंचावर सुचतात, तसेच काहीसे. फरक इतकाच की इथे समोर प्रेक्षक नसतो. करणारे आणि पाहणारे तेच. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सरमिसळ ही या खेळाला मागाहून लागलेली खोड आहे असे समजणेही बरोबर नाही. १९७४ च्या मूळ पुस्तिकांतच रानात भेटणाऱ्या प्राण्यांच्या तक्त्यात एडगर राइस बरोज यांच्या मंगळकथांतले जीव आहेत. १९७५ च्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत आर्नेसन यांनी बेडकांच्या देवळाची गोष्ट दिली. त्या देवळाचा महंत परक्या जगातून आलेला आणि परक्या यंत्रांनी सज्ज. १९७९ च्या सूत्रधाराच्या ग्रंथात तर काउबॉयचे आणि अणुयुद्धोत्तर जगाचे असे दोन वेगळे खेळ या खेळाशी जोडण्याचे हिशेब दिले आहेत. याच ग्रंथाच्या परिशिष्टातली वाचनयादी पाहिली की मुळे कळतात : लव्हक्राफ्ट, लायबर, व्हान्स, झेलाझ्नी. १९२३ मध्ये निघालेल्या 'वीअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त मासिकांत भुताची, तलवारीची आणि परग्रहाची गोष्ट शेजारी-शेजारी छापून येत असे. भिंती नंतर बांधल्या गेल्या, दुकानदारांच्या कपाटांसाठी.

तर मग सरमिसळ पटते कशाने? नेहमीचे उत्तर असे की तिला कारण द्यावे. हे उत्तर तपासायला १९९० चा 'रिफ्ट्स' हा खेळ फार सोयीचा आहे. केव्हिन सिएम्बिडा यांच्या या खेळात पृथ्वीवर प्रलय झाला, जागोजागी इतर जगांची दारे उघडली, आणि म्हणून ड्रॅगन, यंत्रचिलखते, मांत्रिक, परग्रहवासी सगळे एकत्र नांदतात. कारण दिलेले आहे, आणि ते पुरेसे व्यापकही आहे. त्यात काहीही बसते. अडचण तीच आहे. सगळ्यांना एकाच दाराने आत घेतले, पण आत आल्यावर कोणाचा कोणाशी काही संबंध ठरवला नाही. नियमांकडे पाहा. यंत्रचिलखतांच्या शस्त्रांची इजा वेगळ्या एककात मोजतात आणि ते एक एकक म्हणजे साध्या इजेची शंभर एकके. एक खेळाडू भटक्या माणसाचे पात्र घेऊ शकतो, दुसरा ड्रॅगनच्या पिल्लाचे, तिसरा 'ग्लिटर बॉय' नावाचे अजस्र चिलखत चालवणाऱ्याचे. आणि हे तिघे एकाच टोळीत. त्या चिलखताच्या तोफेचा एक गोळा बसला तर भटक्याचे काय होईल ते मोजण्याचीही गरज नाही. कथाप्रकार एकत्र आले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. 'रिफ्ट्स'चे चाहते पुष्कळ आहेत आणि त्यांचा आनंद खोटा नाही, पण तो जत्रेचा आनंद आहे. जत्रेत पाळणा आणि मौतका कुआँ शेजारी असतात म्हणून त्यांची एक गोष्ट होत नाही.

इथे मला आपल्या जुन्या शास्त्राची मदत घ्यावीशी वाटते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात रसविरोधाचा विचार केला आहे. काही रस एकमेकांचे वैरी. ते एका काव्यात कसे आणायचे? त्यांनी सुचवलेल्या वाटांपैकी तीन इथे कामाच्या आहेत. एक रस मुख्य ठेवावा आणि दुसरा त्याचे अंग करावा. विरोध एकाच आश्रयात येत असेल तर आश्रय वेगळे करावेत : वीर नायकात, तर भयानक त्याच्या शत्रूत. आणि दोन विरोधी रस लागोपाठ येत असतील तर मध्ये तिसरा घालावा. हर्षाच्या 'नागानंदा'त शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत आहे, हे त्यांचे उदाहरण. कथाप्रकार म्हणजे रस नव्हे, हे कबूल. पण भयकथा, साहसकथा, विनोदी कथा ही नावे आपण शेवटी वाचकाला काय वाटावे यावरूनच ठेवतो, तेव्हा हे माप अगदीच परके नाही.

यातली आश्रयभेदाची कल्पना भूमिकाखेळात एक विलक्षण वळण घेते. नाटकात भावाचा आश्रय पात्र असतो आणि रसाचा आस्वाद घेणारा प्रेक्षक वेगळा बसलेला असतो. इथे पात्र आणि आस्वादक एकाच खुर्चीत बसतात. म्हणजे प्रत्येक खेळाडूपाशी दोन आश्रय आहेत : तो चालवतो ते पात्र, आणि तो स्वतः. चांगल्या सरमिसळीचे रहस्य बऱ्याचदा या दोघांत काय वाटून दिले आहे, यात सापडते.

'बॅरियर पीक्स'कडे पुन्हा पाहू. गायगॅक्स यांनी पुस्तिकेबरोबर चित्रांचे एक वेगळे बाड दिले. सूत्रधाराने वस्तूचे नाव सांगायचे नाही, चित्र दाखवायचे. अनोळखी यंत्र हाताळताना ते उमगते की फुटते हे ठरवायला तक्ते दिले. फासे टाकत तक्त्यावरून पुढे सरकायचे, चुकीच्या वाटेला लागले तर इजा. खेळाडू विसाव्या शतकातला आहे, चित्रातली वस्तू त्याला अर्धीमुर्धी ओळखू येते. त्याच्या पात्राला मात्र येत नाही. पात्राच्या वाट्याला अद्भुत आणि भय, खेळाडूच्या वाट्याला हास्य आणि कोडे सोडवण्याची मजा. दोन्ही एकाच वेळी चालू राहतात, कारण आश्रय वेगळे आहेत. आमच्या चार-पाच जणांच्या बैठकीत ही पुस्तिका खेळताना व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या मित्राने एक चित्र पाहताच "अहो, हा तर यंत्रमानव!" असे म्हटले. शेजारच्याने शांतपणे विचारले, "तुझ्या धर्मोपदेशकाला तो कोण वाटतो ते सांग." जरा थांबून तो म्हणाला, "चिलखतातला प्रायश्चित्त घेणारा पुरुष. मी त्याला नमस्कार करतो." मग यंत्रमानवाने नमस्काराला काय उत्तर द्यायचे हे मला ठरवावे लागले. त्या क्षणी ती सरमिसळ पटली. कोणत्याही स्पष्टीकरणाने तितकी पटली नसती.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. यानात सापडणारी शस्त्रे ऊर्जेच्या चकत्यांवर चालतात आणि त्या संपतात. त्यामुळे मांत्रिकाने पिस्तूल घरी नेले तरी काही दिवसांनी ते लोखंडच. परीकथेचे जग मुख्य राहते, विज्ञानकथा त्याचे अंग होऊन राहते. अंग आणि अंगी यांचा निवाडा एका चकतीने केला.

ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांची १९८३ ची 'रेव्हनलॉफ्ट' ही पुस्तिका याच दृष्टीने वाचावी. व्हॅम्पायर, वाडा, धुके, पत्त्यांवर भविष्य सांगणारी म्हातारी : गॉथिक भयकथेचे सगळे साहित्य आहे. पण पात्रे शूर, अनुभवी, मंत्रसंपन्न. वीर आणि भयानक एकाच आश्रयात कसे राहतील? पात्र घाबरल्याचे नुसते सांगून काही होत नाही. खेळाडू मान डोलावतो आणि मिठाईच्या ताटलीकडे हात करतो. त्या काळच्या नियमांनुसार व्हॅम्पायरचा फटका बसला की पात्राच्या दोन पायऱ्या जात. एकेक पायरी चढायला खेळाडूला महिने लागलेले असतात. म्हणजे पात्र शूर राहते आणि खुर्चीत बसलेला माणूस खरोखर घाबरतो. आनंदवर्धनांना हे पाहून गंमत वाटली असती असे मला वाटते. भयानक शत्रूत ठेवण्याऐवजी तो इथे आस्वादकाकडेच पाठवला आहे. १९९० मध्ये याच जगाची मोठी पेटी निघाली, तेव्हा भीतीसाठी वेगळे फासे आले. पात्र घाबरले की नाही हे फासा सांगू लागला आणि खेळाडू मोकळा झाला. मला ती माघार वाटते.

आश्रयाचा तिसरा प्रयोग सर्वांत जुना आणि भारताशी दूरचे का होईना पण खरे नाते असलेला आहे. १९७५ चा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ एम. ए. आर. बार्कर यांचा. ते मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक होते, उर्दूचे व्याकरणकार. तरुणपणी भारतात राहून गेलेले. त्यांचे टेकुमेल हे जग दिसायला पुराणातले : देवळे, घराणी, गुलाम, चिलखते प्राण्याच्या रासायनिक प्रक्रिया केलेल्या कातड्याची, कारण धातू दुर्मीळ. मुळात मात्र तो अंतराळप्रवाशांनी वसवलेला ग्रह आहे. तो विश्वापासून तुटून वेगळ्याच अवकाशात पडला आणि यंत्रविद्या विसरली गेली. पूर्वजांची उरलीसुरली यंत्रे आता जादूच्या वस्तू म्हणून वापरतात. इथे विज्ञानकथा परीकथेच्या शेजारी नाही, खाली आहे, पायासारखी. आणि खेळाडूची पात्रे होडीतून जकाल्ला बंदरात येऊन लागलेले परदेशी असतात. त्यांना इथली रीत ठाऊक नाही, खेळाडूलाही नाही. गायगॅक्स यांनी दोन अज्ञानांत अंतर ठेवले, बार्कर यांनी ती एकत्र केली. याच बार्कर यांनी १९९१ मध्ये टोपणनावाने नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे त्यांचे साहित्य सांभाळणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केले. त्यानंतर टेकुमेलमधली घराण्यांची उतरंड वाचताना माझी नजर पूर्वीची राहिलेली नाही.

आता दुसरी वाट : हिशेबाची. १९८९ च्या 'शॅडोरन'मध्ये एकविसाव्या शतकात जादू परत येते. शहरांवर महाकंपन्यांचे राज्य, माणसे शरीरात यंत्रे बसवून घेतात, आणि त्यांच्याच शेजारी मांत्रिक, ऑर्क आणि एका महाकंपनीचा मालक असलेला ड्रॅगन. कागदावर हे 'रिफ्ट्स'इतकेच अशक्य. फरक एका आकड्याचा आहे. प्रत्येक पात्राला 'इसेन्स' नावाचे सत्त्व असते, आरंभी सहा. शरीरात यंत्र बसवले की ते घटते. सत्त्व घटले की जादू घटते. शून्यावर आले की मृत्यू. म्हणजे यंत्र आणि मंत्र एकाच वहीत, एकाच्या जमेला दुसऱ्याचा खर्च. शरीरात फार यंत्रे असलेल्या जखमी माणसावर बरे करणारा मंत्रही नीट चालत नाही. यंत्र कथानकात का आले आणि जादू का परतली, हे न वाचलेल्या खेळाडूलाही पात्र तयार करतानाच कळते की या जगात दोन शक्तींचे वैर आहे आणि ते आपल्या अंगातून जाते. निवड करावी लागते. निवडीला किंमत असते. कारण कोणीही देऊ शकतो. किंमत लावणारे थोडे.

याच पंक्तीत १९९६ चा 'डेडलँड्स' बसतो. शेन हेन्स्ली यांच्या या खेळात अमेरिकेचा पश्चिम मुलूख आहे, काउबॉय आहेत आणि १८६३ च्या गेटिसबर्गपासून मेलेले उठू लागले आहेत. जुगारी मांत्रिक मंत्र घालतो तेव्हा खेळाडू खरोखर पत्ते ओढतो आणि त्यांतून पोकरचा हात जुळवतो. पात्र सैतानी शक्तींशी डाव खेळत असते, खेळाडू पत्त्यांशी. काळा जोकर आला की डाव उलटतो. काउबॉयकथा आणि भयकथा यांना जोडणारी वस्तू त्या मुलखातल्या दारूगुत्त्याच्या टेबलावर आधीच पडलेली होती, ती उचलली. त्याहून मला आवडतो तो दुसरा नियम. भुताखेतांमागच्या शक्ती लोकांच्या भीतीवर पोसल्या जातात, म्हणून प्रत्येक ठिकाणाला भीतीची पातळी असते. राक्षस मारून ती पुरेशी उतरत नाही. वीरांनी गावात येऊन त्या पराक्रमाची गोष्ट चारचौघांत सांगावी लागते. पश्चिमेच्या मुलखाच्या वीरगाथा अशाच पसरल्या. भयकथेचे औषध काउबॉयकथेतून निघाले.

१९९० चा 'टॉर्ग' याच विचाराला फार लांब नेतो. निरनिराळ्या कथांची जगे पृथ्वीवर चालून येतात आणि ज्या भागावर ज्या जगाचा कब्जा तिथे त्याचे नियम. प्रत्येक जगाला चार आकडे : जादू, समाज, अध्यात्म, तंत्र. तुमचे हत्यार त्या मुलखाच्या आकड्यात बसत नसेल तर ते ऐनवेळी दगा देण्याचा धोका. कल्पना मोठी हुशार आहे. पण संकर म्हणजे मिसळणे. इथे कुंपणे घातली आहेत आणि खेळाडू कुंपणावरून उड्या मारतो. शिवाय 'समाज' या आकड्यापाशी माझे पाऊल अडखळते. समाजांची चढती भांजणी एका अंकात मांडायची ही सवय कुठून आली हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आणि इथून पुढचा प्रश्न नियमांनी सुटत नाही. कथाप्रकार हवेत तरंगत नसतात. ते कोणाच्या तरी इतिहासावर उभे असतात. 'शॅडोरन'मध्ये अमेरिकेचे मूळ रहिवासी एका महान 'घोस्ट डान्स'च्या बळावर आपली भूमी परत मिळवतात. खरा घोस्ट डान्स १८८९-९० मध्ये वोवोका या पायूट माणसाच्या दर्शनातून पसरला आणि २९ डिसेंबर १८९० ला वून्डेड नी येथे सैन्याने लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांचे हत्याकांड केले. हरलेल्यांची प्रार्थना खेळात फळाला आली, हे एका बाजूने हृद्य आहे. दुसऱ्या बाजूने, ती प्रार्थना आता एक युक्ती झाली. 'डेडलँड्स'मध्ये काउबॉयकथा आणि पर्यायी इतिहास जुळवण्यासाठी दक्षिणेचे बंडखोर राज्य टिकवून ठेवले होते आणि त्याने गुलामगिरी आपणहून सोडल्याचे सांगितले होते. उठणारी मढी पटतात, हे पटत नाही. २०२० च्या आवृत्तीत ते राज्य काढून टाकले, आणि कथेच्या आतच इतिहास बदलल्याचे कारण दिले.

'टॉर्ग'ची नवी आवृत्ती, 'टॉर्ग इटर्निटी', २०१७ पासून येऊ लागली. जुन्या आवृत्तीत ऑररॉश हे व्हिक्टोरियन भयकथेचे जग इंडोनेशियावर उतरले होते. नव्या आवृत्तीत ते भारतावर उतरते. धुके, कंदील, उंच टोपीवाले साहेब, आणि अंधारात काहीतरी. इंग्लंडमधल्या किंवा जर्मनीतल्या टेबलावर हे दोन कथाप्रकारांचे चमत्कारिक मीलन असेल. मराठी टेबलावर ते तसे राहत नाही, कारण इथे व्हिक्टोरियाच्या काळाची भयकथा ठाऊक आहे आणि तिच्यात व्हॅम्पायर नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे शिपाई घराघरांत शिरत होते. २२ जूनला, राणीच्या राज्याच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, रँडवर गोळी झाडली गेली. पात्र आणि खेळाडू या दोन आश्रयांखाली इथे तिसरा आहे, खेळाडूच्या आजीने सांगितलेल्या गोष्टींचा.

आमच्या बैठकीत गेल्या पावसाळ्यात मी ऑररॉशचा एक प्रसंग चालवला. पुस्तकातले पिशाच दाखवले तेव्हा सगळ्यांनी उत्साहाने फासे टाकले. पुढच्या प्रसंगात वाड्याच्या दारावर थाप पडली आणि बाहेरून इंग्रजीत हुकूम आला. शस्त्राला कोणी हात घातला नाही. हिशेबतपासनीस मित्र हळूच म्हणाला, "आधी आजारी माणसाला माळ्यावर न्या." मी फासे मागितले नाहीत.